पॅड खाली ठेवायचा न्हाई

"नाव सांग, गाव सांग. बाकी काही सांगायचं न्हाई," स्कूटरवरून उतरता उतरता मुबश्शिराने थोरल्या बहिणीला बजावलं.

सुमैरा बरं म्हणाली. मिरजेपासून सांगलीपर्यंत तिने तीनदा बरं म्हटलं होतं.

हॉल हळदीच्या पेठेमागे, वरच्या मजल्यावर होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत हळदीचा वास सोबत आला आणि वर पोरांच्या गलक्यात विरून गेला. मारामारीच्या त्या नव्या व्हिडिओ गेमचं सध्या दोन्ही गावांतल्या पोरांना वेड लागलं होतं. दोन गडी, तीन डाव, दोन जिंकला तो पुढे. दुपारपर्यंत मुबश्शिराने चौघांना लोळवलं. आता फायनल होती.

गेल्या वर्षी इस्लामपुरात ती अशीच जिंकली होती. पण तिथे खेळायच्या आधीच माइकवर तिचं कौतुक झालं, टाळ्या झाल्या, आणि समोरचा पोरगा अंग चोरून खेळला. हात आखडून मारलेला ठोसा तिला लगेच कळायचा. तो कप तिने कारखान्यातल्या भुशात टाकून दिला होता.

कारखाना म्हणजे अब्बांचा. नईम सितारमेकर म्हटलं की मिरजेत पत्ता विचारावा लागत नसे. सतारीच्या घोडीवर तार टेकते तिथे कानशीने केसभर घासायचं, थांबायचं, तार छेडून ऐकायचं, पुन्हा घासायचं. मग तार गाऊ लागते, त्याला जवारी म्हणतात. आजी शमशाद दळताना ओवी म्हणायची,

तार म्हणे घोडीला, माझा भार तू सोसावा,
तुझ्या पाठीच्या घासानं माझा सूर गं पोसावा.

मुबश्शिराला जवारीच्या कामाला बसायचं होतं. अब्बा कानस हातात देत नव्हते. बोटं जातील म्हणायचे. तिने हट्ट सोडला नाही, तेव्हा एकदा जेवता जेवता म्हणाले, "दुनियेनं एकदा तुला मनापासून हरवायला बघावं, आन् तू जिंकावंस. मग देतो."

समोरचा गडी ऋषिराज होता, सांगलीचाच, दोन वर्षं न हरलेला. मुबश्शिरा खुर्चीवर बसली तसा तो म्हणाला, "हात तर मिळव. का हात मिळवायलाबी बंदी हाय घरात?"

मागे पोरं हसली. मुबश्शिराने गडबडीने हात पुढे केला, पण तोवर ऋषिराज आपल्या खुर्चीत रेलला होता. खुर्ची करकरली. सुमैराने खेळायचा पॅड मुबश्शिराच्या मांडीवर ठेवला आणि त्यात हेडफोनची पिन खुपसली.

"मान तरी वर कर की. लाजत लाजत खेळणार व्हय?"

"मी अशीच खेळते," ती म्हणाली. "तू मात्र हात राखून खेळू नकोस."

"राखायला तू कोण लागून गेलीस?"

मुबश्शिराच्या अंगावर मोरपीस फिरलं. असं तिला कुणी कधी बोललं नव्हतं.

संयोजक लालासाहेब पूर्वी कुस्तीच्या मैदानात पुकारा करायचे. तोच खर्जातला आवाज घुमला, "फायनलची कुस्ती. पंखा पडो, छत पडो, पॅड खाली ठेवायचा न्हाई. ठेवला त्यो हरला."

पहिला डाव ऋषिराजने घेतला, आणि तोही निर्दयपणे. प्रत्येक ठोसा पुऱ्या ताकदीचा होता. मुबश्शिरा मार खात होती आणि तिला आत कुठेतरी बरं वाटत होतं.

दुसऱ्या डावात तिने घाई सोडली. घोडी घासावी तसं केलं, थोडं पुढे, थांबायचं, कानोसा घ्यायचा. ऋषिराजचा गेममधला गडी मोठी लाथ घालण्याआधी श्वास ओढायचा, आणि उडी मारण्याआधी त्याचं मागचं पाऊल घासायचं. त्या दोन खुणांवर तिने डाव ओढून घेतला. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. तो खोकला लाकडाच्या भुशाचा होता. अब्बा आले होते तर.

तिसरा डाव निम्म्यावर आला. दोघांची ताकद सारखी उतरली होती. एकाएकी हॉलमध्ये गलका उठला, काहीतरी धाडकन पडलं, पावलं धावली. हेडफोनमधून ते सगळं दूरच्या उरुसासारखं आलं. लालासाहेबांचा आवाज तेवढा स्पष्ट होता, "पॅड सोडू नका रं!"

ऋषिराजचा पॅड शेजारी खडखडा वाजू लागला. त्याचा गडी नुसता वारा मारत सुटला. डावपेच असेल म्हणून मुबश्शिरा जागची हलली नाही. मग त्याचं मागचं पाऊल घासलं. ती एक पाऊल सरकली आणि लागोपाठ तीन ठोसे घातले. हेडफोनमध्ये तिच्या गड्याच्या विजयाची ललकारी झाली.

तिने हेडफोन काढले. टाळ्या नव्हत्या.

"ह्यो डाव धरायचा न्हाई, लालाकाका," ऋषिराज म्हणाला. "टेबल हललं, वायर निसटली, टीव्ही गेला त्यो आत्ता डाव संपल्यावर आला. मला काईच दिसत नव्हतं."

"तू पॅड सोडलास का?"

"न्हाई."

"मनापासून खेळलास?"

"जीव तोडून खेळलो की."

"मग झालं तर. अंधार दोघांनाबी सारखाच हुता. टीव्हीवर नाव तिचंच आलंय, जिंकली ती पोरगी."

आता टाळ्या सुरू झाल्या. त्या कडकडाटात एक खरबरीत हात तिच्या हातावर आला, मुठीत कानस ठेवून मूठ बंद करून गेला.

मुबश्शिरा बहिणीकडे झुकली. "आपा, कसला अंधार?"

"टीव्ही बंद पडला हुता गं. सगळ्यांचाच खोळंबा झाला."

"असं व्हय," म्हणून ती हसली, आणि पिशवीतली घडीची पांढरी काठी काढून तिने खटखट सरळ केली.