भोपळ्याचं मुसकं

“लॅब्रॅडोर असो नाहीतर सिंह, मुसकं बांधल्याशिवाय हे कुत्रं लिफ्टमध्ये दिसता कामा नये!” सेक्रेटरी हर्डीकर टेबलावर मूठ आपटून ओरडले. सोसायटीच्या मीटिंगला आलेले सगळेच मग एकदम ओरडू लागले.

माझा भोपळ्या त्या गदारोळात हर्डीकरांच्याच पायावर मान टाकून पडला होता. चोर आला तरी हा त्याचे हात चाटेल. त्याचे केस घरभर गळतात, ते मी रोज विंचरून काढते. खाण्यापुढे त्याला काही सुचत नाही, म्हणून हात आखडून वाढते. आता म्हातारपणी त्याची कंबर दुखते. या जातीला हा त्रास फार. पाच मजले तो कसा चढणार? म्हणून मीटिंगची नोटीस वाचताच निमूटपणे मुसकं विकत घेऊन आले होते.

“काकू, आहे का काही उत्तर?” हर्डीकर कडाडले. भोपळ्यानं त्यांच्याकडे पाहून शेपटी हलवली.

मी पिशवीतलं मुसकं काढून टेबलावर ठेवलं.

“आणलंय की. पण एकच आहे, आणि भुंकणारे इथं बरेच दिसतात. आधी कुणाला बांधू?”