डुप्लिकेट पासबुकाचे दोन रुपये

“पासबुक माझ्याकडून हरवलं, एवढी एक ओळ लिहून द्या वामनराव, अन् विषय संपवा,” मॅनेजर म्हणाले.

वामनराव खुर्चीत आणखी ऐसपैस बसले. “हरवलं ते खरं. पण माझ्याकडून हरवलं, हे तुम्हाले कोणी सांगितलं?”

मॅनेजरांनी पंख्याकडे पाहिलं. हे संभाषण महिन्याभरात चौथ्यांदा चाललं होतं.

प्रकरण साधं होतं. वामनरावांचं पासबुक सापडत नव्हतं. बँकेनं नवं दिलं आणि त्याचे दोन रुपये खात्यातून परस्पर कापले. चौऱ्याहत्तर साली दोन रुपयांत सिताबर्डीवर दोन माणसं आलुबोंडे खाऊन वर चहा पीत, पण वामनरावांना आलुबोंडे नको होते. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं हेडक्लार्की करून ते नुकते निवृत्त झाले होते. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद हरवला नव्हता. एखादा साहेबाला सापडू नये असा ठेवला असेल, ती गोष्ट वेगळी.

त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पासबुक दोनच ठिकाणी असू शकतं. घरच्या ट्रंकेत, नाहीतर नोंदी करायला टाकलेलं असेल तर बँकेत. ट्रंक तीनदा रिकामी करून झाली होती. गोपिकाबाईंनी तर आपला लग्नातला शालूसुद्धा घडी मोडून, झटकून दाखवला होता. ट्रंकेत नाही, म्हणजे बँकेत. वामनरावांच्या आग्रहावरून बँकेनं कपाट उपसलं, तेव्हा कुहीच्या एका शेतकऱ्याचं, वाडीच्या एका ट्रकवाल्याचं आणि दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका गृहस्थाचं अशी तीन पासबुकं निघाली. वामनरावांचं निघालं नाही. त्यांनी त्या तीन नावांची तिथल्या तिथे यादी केली आणि खाली कारकुनाची सही घेतली.

मग अर्ज गेला. अर्जाला स्मरणपत्र गेलं, स्मरणपत्राला दुसरं. विभागीय कार्यालय झालं, मुंबईचं मुख्य कार्यालय झालं. टपालाला साडेसहा रुपये लागले. तो हिशोब त्यांनी फाईलला लावला नाही.

निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने जरा अवघड गेले होते. दिवसभर करायचं काय, म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या कारभारात लक्ष घातलं होतं. मोहरी आधी की जिरं, यावर गोपिकाबाईंना दोनदा तोंडी समज देऊन झाली होती. भांडीवाली जयवंता तर वेळेच्या वहीत अंगठा उमटवण्यावरून काम सोडायला निघाली होती. बँकेचं प्रकरण उपटलं आणि हे सगळं मागे पडलं. आता ते दहाच्या ठोक्याला टोपी घालून बाहेर पडत. गोपिकाबाई डबा देत, फाईलला नवी दोरी ओवून देत, आणि दारात उभं राहून विचारत, “आज कोणाले भेटता?”

शेजारच्या यमुताईंना मात्र राहवलं नाही. “दोन रुपयांसाठी माणूस उन्हातान्हात फिरून राहिला. तू त्याइले समजावत काहून नाही वं?”

“तत्त्वाची गोष्ट आहे, बाई,” गोपिकाबाई म्हणाल्या. “मी मंधात कशाले बोलू?”

ही एवढी बाजू घेतलेली वामनरावांनी माजघरातून ऐकली. चाळीस वर्षांच्या संसारात प्रथमच त्यांना आपल्या बायकोचं मोठेपण कळलं.

सातव्या महिन्यात मुंबईहून उत्तर आलं. मॅनेजरांनी स्वतः उभं राहून ते वाचून दाखवलं. दोन रुपये परत जमा करण्यात येत आहेत, आणि सदर पासबुक खातेदाराकडून गहाळ झाल्याचे दिसून येत नाही. वामनरावांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग पिशवीतून अर्धा किलो संत्राबर्फी काढली आणि सगळ्या स्टाफला वाटली. हा गृहस्थ आता परत येणार नाही, या आनंदात स्टाफनेही ती मनापासून खाल्ली. कॅशियरने तर दोनदा घेतली.

घरी येऊन त्यांनी पत्र गोपिकाबाईंना वाचून दाखवलं. गोपिकाबाईंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली, आणि जरा दबक्या आवाजात विचारलं, “म्हणजे आता बँकेत जायचं कामच नाही?”

“काम फत्ते झालं वं,” वामनराव म्हणाले. “आता घरीच.”

त्यांनी टोपी खुंटीला टांगली, फाईल कपाटात ठेवली, आणि ते पाट ओढून शेगडीसमोर बसले. थोडा वेळ ते भाजीच्या कढईकडे नुसते पाहत राहिले. मग डब्यांकडे पाहिलं. हळदीचा डबा मिठाच्या मागे का, असं त्यांनी विचारलं. सात महिने कोणाचं लक्ष नसलं की असंच होतं, असंही म्हणाले, आणि उद्यापासून एकेक डबा तपासायला घेऊ, असं त्यांनी जाहीर केलं. गोपिकाबाई बरं म्हणाल्या आणि त्यांनी जेवायला वाढलं.

दुपारी वामनरावांचा डोळा लागला. गोपिकाबाईंनी तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला, बँकेचं जुनं पासबुक काढून शेगडीत टाकलं, आणि त्याच जागी वामनरावांचं पोस्टाचं पासबुक खोचून वरून तांदूळ सारखे केले.