पहिली गोळी

गुरांच्या जंतांवरची जुनी गोळी या साथीवर रामबाण आहे, असं आरोग्यमंत्र्यांनी टीव्हीवर ठोकून दिलं आणि सकाळी गुरांच्या दवाखान्यासमोर माणसांची ही भली मोठी रांग लागली. "अहो, म्हशीच्या मापाची गोळी आहे ही, माणूस आडवा होईल!" कंपाउंडरबाई जीव तोडून सांगत होत्या. ऐकतंय कोण? विरोध करणारे डॉक्टर तर कालच विरोधकांचे हस्तक ठरले होते.

तेवढ्यात मंत्र्यांची गाडी येऊन थांबली. पीए उतरले. "पहिली गोळी साहेबच घेणार. काढा लवकर."

"घ्या की. पण इथल्या फॉर्मवर सही लागते." बाईंनी फॉर्म स्वतःच भरून पुढे केला.

"साहेब कागद वाचत बसत नाहीत, बाई. काम करतात," पीए गुरगुरले आणि गाडीत बसलेल्या साहेबांची सही घेऊन आले.

बाईंनी गोळी काढलीच नाही. फॉर्म दारावर चिकटवला आणि शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असा खणखणीत वाचला.



"प्राणी, रेडा. वय, चौसष्ट. शिंगं, दोन. वरील माहिती मी वाचली असून ती खरी आहे. सही, आरोग्यमंत्री."