अडीच तारे

“स्कुबा शिकवता आणि रेटिंग फक्त अडीच तारे?” पुण्याच्या ताईंनी फोनवरून नजर वर करत मला विचारलं. खाली अभिप्रायही होते: ‘कंबरभर पाण्यात तासभर मास्क काढायला-घालायला लावला. फोटो एकही नाही. मास्तर खेकसतात.’ सगळं खरंच होतं.

ताई शेजारी बाबल मेथराच्या दुकानात गेल्या. त्याला चार पूर्णांक नऊ. मिळणारच! बोटीतच, पाण्यात सोडण्याआधी, तो सगळ्यांकडून पाच तारे वसूल करतो आणि मगच फोन पिशवीत जमा करतो. शिकवणं एवढंच: घाबरू नका, कॅमेऱ्याकडे बघून हसा.

पुढच्याच आठवड्यात हाच बाबल माझ्या दारात. सोबत त्याची लेक.

“आमच्या चेडवाक स्कुबा शिकवशीत?”

“तुझ्याकडे चार पूर्णांक नऊ आसत मां?”

“मस्करी नको. एकच चेडू आसा माका.”

पोर आठ दिवस कंबरभर पाण्यात रडली, पण पक्की शिकली. निघताना बाबलने माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी.

संध्याकाळी नवा अभिप्राय आला, त्याच्या नावासकट: ‘एक तारा. फोटो काढत नाहीत.’