घोडेस्वाराचा हात

ह्यांनी शिशाच्या इवल्या घोडेस्वाराच्या तुटक्या खांद्यावर रंगाचा ठिपका लावला आणि निखळलेला हात त्यावर टेकवला. ठिपका उमटेल तिथे भोक पाडून तारेची खीळ घालायची. नुसत्या गोंदाने सांधा टिकत नाही. पण ह्यांची बोटं थरथरली आणि ठिपक्याची रेघ झाली.

"अहो, मनगट धरू का?"

"धर. जेवताना धरतेसच."

तरीही रेघच उमटली. मग ह्यांनी ड्रिल माझ्यापुढे सरकवलं. मी नव्याने ठिपका उमटवून भोकं पाडली, तार बसवली, हात चिकटवला. सांधा दिसतसुद्धा नव्हता.

"माझ्याहून सरस जमलं की!" म्हणत हे हसले आणि ब्रश न धुताच उठले. असं आजवर कधी झालं नव्हतं.

"अहो, रंग वाळेल त्यावर."

"वाळू दे."