अडून बसलेली गाडी

जिवंत गाडीच्या त्या विनोदी सिनेमांचे सगळे भाग आम्ही घरी एकत्र पाहिले. पडद्यावरची गाडी रुसून अडून बसली की आमचे हे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

हे गेले. त्यांची गाडी बेलवलीत बिल्डिंगखाली उभीच राहिली. काल उल्हासनगरचा भंगारवाला ती न्यायला आला. मी बोनेटवर हळदकुंकू वाहिलं.

"आई, भंगाराची कसली पूजा?" माझा अवधूत म्हणाला.

"घरातून निघालीय रे. तशीच कशी पाठवू?"

अवधूतनं हँडब्रेक सोडून दार लावलं. आत कुणी नसताना ब्रेक करकरत पुन्हा ओढला गेला.

"माँजी, ये नहीं आएगी," म्हणत भंगारवाला मागे सरला.

मी काचेपाशी वाकले. "अहो, सोडा आता तिला."

ब्रेक सुटला. मग मी बसायचे त्या बाजूचं दार आतून उघडलं.