नदीकाठची पेठ

नदीकाठच्या पेठेत आता शिंपीकाकांचं एकच दुकान उघडं असायचं. वही आणि कॅमेरा घेऊन आलेल्या मुलीला त्यांनी अख्खी रांग हिंडून दाखवली. "इथे घड्याळवाला. हा टोपीवाला, एक नंबरचा थापाड्या. नावा लागल्या की पाय ठेवायला जागा नसायची बघ!" काकूंनी दोनदा जेवायला हाक मारली, तरी काका बोलतच राहिले. कित्येक वर्षांत त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं.

"पुस्तक कधी निघणार, पोरी?"

"पुस्तक नाही, काका. पाडायच्या आधी नोंद करून ठेवावी लागते."

"पण पाडणार ती बंद दुकानंच ना?"

"सगळी रांग, काका."

काकांनी गळ्यातली टेप काढून हळूहळू गुंडाळली.

"मग एवढं लिही," ते म्हणाले. "माझं बंद नव्हतं."